आईला किंवा बाबांना कॅन्सर आणि घरचा पैसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२१ च्या पावसाळ्यात माझ्या स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं, तोवर तो हाडांत उतरला होता. वय एकोणचाळीस. सातारा जिल्ह्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत मी शिकवत होते, मिस्टरांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, मुलगी आठवीत, मुलगा दुसरीत. "हा पूर्ण बरा होणार नाही, पण आटोक्यात ठेवता येईल, कदाचित बरीच वर्षं," असं डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं. मी त्यातलं "बरीच वर्षं" तेवढं ऐकलं. बरीच वर्षं जगायचं म्हणजे बरीच वर्षं खर्च करायचा, हे दोन महिन्यांनी उमगलं.

लग्नाचा खर्च एकदा होतो आणि संपतो. हा खर्च ठिबकसारखा चालतो, थेंब थेंब, पण बंद होत नाही. घरात मुलं असली की त्याच पैशात त्यांची फी, वह्या, चपला बसवायच्या असतात आणि आपल्यामागे त्यांना काही राहील हेही बघायचं असतं. ओपीडीच्या बाकावर आणि गावाकडून येणाऱ्या फोनवर मला जे विचारलं जातं, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. बरंचसं महाराष्ट्राला धरून आहे. रकमा आणि अटी शासन बदलत असतं, म्हणून अर्जाआधी त्या त्या कार्यालयात एकदा विचारून घ्या.

निदान कालच झालंय. पैशाचं पहिलं काम कोणतं?

कागद. एक माणूस रुग्णासोबत आणि एक माणूस कागदांमागे, अशी वाटणी पहिल्याच दिवशी करा. रेशनकार्ड, घरातल्या सगळ्यांची आधारकार्डं, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पासबुक, बायोप्सीचा रिपोर्ट, हे एका फाईलमध्ये, प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्ससकट. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का बघा. बायकांचं इथेच अडतं, कारण एका कागदावर माहेरचं नाव असतं आणि दुसऱ्यावर सासरचं. केमोच्या तारखेच्या आदल्या दिवशी हे लक्षात आलं तर सेतू केंद्रात रडायची वेळ येते.

आम्ही सगळं उलट केलं. शहरातल्या एका खासगी रुग्णालयात आधी दाखल झालो. इथे योजना लागू आहे का, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही आणि तिथल्या कुणी सांगितलं नाही. तपासण्या, बायोप्सी, मणक्याचं रेडिएशन (आमच्याकडे त्याला शेक म्हणतात), सगळं मिळून साडेतीन लाख. माझ्या पाटल्या आणि गंठण त्यात गेलं. नंतर योजना कळली, तेव्हा झालेला खर्च परत मिळत नाही हेही कळलं. सरकारी योजना, धर्मादाय सवलत, मुख्यमंत्री सहाय्यता निधी, यांतलं बहुतेक सगळं उपचाराआधी मंजूर करून घ्यावं लागतं.

महात्मा फुले योजनेत कॅन्सर बसतो का? आमचं तर पांढरं कार्ड आहे.

बसतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणजे २०१२ साली सुरू झालेली जुनी जीवनदायी योजनाच. आता ती केंद्राच्या आयुष्मान भारतला जोडली आहे. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, जुलै २०२४ पासून ते पाच लाख झालं आणि पांढऱ्या कार्डासकट सगळे रेशनकार्डधारक त्यात आले. "आमचं पांढरं कार्ड, आम्हाला कुठलं काय मिळतंय," म्हणून घरी बसलेली माणसं मला अजून भेटतात. जाऊन विचारा.

योजनेत ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन तिन्ही आहेत, पण ठरलेल्या पॅकेजप्रमाणे आणि योजनेतल्या रुग्णालयातच. दाराजवळच्या टेबलावर आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो. डॉक्टरांच्या आधी त्याला भेटलात तरी चालेल. दाखल असतानाची औषधं, तपासण्या, जेवण आणि घरी जायचं एसटी किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंसुद्धा पॅकेजमध्ये धरलेलं असतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. निदानाआधीच्या तपासण्या, बाहेर करावे लागणारे स्कॅन आणि घरी घ्यायच्या गोळ्या यांतलं काय बसतं, ते मात्र त्याला नेमकं विचारून वहीत लिहून घ्या. पॅकेजमध्ये असलेल्या गोष्टीचे पैसे कुणी मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ या क्रमांकावर कळवा.

आणखी एक. पाच लाख हे दर वर्षाचे आणि सगळ्या कुटुंबाचे मिळून आहेत. आजार लांबणारा असेल तर आपलं योजनेचं वर्ष कधी पालटतं, हे माहीत असलेलं बरं.

ज्या रुग्णालयात उपचार चालू आहेत ते योजनेत नाही. मग?

ते धर्मादाय आहे का बघा. सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्याव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली ही योजना आहे. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. राज्यातली कित्येक मोठी, काचेच्या दारांची रुग्णालयं यात मोडतात. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटायचं, उत्पन्नाचा दाखला ठेवायचा आणि अर्ज द्यायचा. "खाट शिल्लक नाही" असं उत्तर मिळालं तर तेच लिहून मागा. नुसत्या त्या विनंतीनेही कधी कधी खाट निघते. नाहीच निघाली तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात तक्रार करता येते.

मुंबईला टाटालाच जायला हवं का?

निदान आणि उपचाराचा आराखडा तिथे एकदा करून घ्यावा, असं माझं मत आहे. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासूनचं. तिथे जनरल आणि प्रायव्हेट अशा दोन प्रकारच्या फाईली असतात आणि खर्चात खूप अंतर पडतं. "प्रायव्हेटला लक्ष जास्त देतात" असं नातेवाईक सांगतील. नोंदणी करतानाच नीट विचार करा आणि पैशाची ओढाताण असेल तर त्यांच्या समाजसेवा विभागात आधी जाऊन बसा.

पण सगळा उपचार मुंबईतच घ्यायचा हट्ट महाग पडतो. रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस, कधी पाच-सहा आठवडे चालतं. दोन माणसांनी एवढे दिवस मुंबईत राहायचं, एकाने काम सोडायचं, मुलं आजीकडे. रुग्णालयाचं बिल थोडं आणि बाकीचाच खर्च मोठा, असं आमचं दोनदा झालं. आराखडा तिथला आणि केमो घराजवळ, असं जमेल का हे डॉक्टरांनाच विचारा. बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय आहे, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय.

मुंबईत राहायला दादरची संत गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे. रुग्णालयाची चिठ्ठी लागते आणि रांग असते. रेल्वेत उपचाराला जाणाऱ्या कॅन्सररुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या माणसाला त्यात ७५ टक्के सवलत. त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातला दाखला डॉक्टरांकडून भरून घ्यायचा. एसटीतही सवलत आहे. मला हे तिसऱ्या खेपेला कळलं, तेही शेजारच्या बाकावरच्या जळगावच्या एका मावशींकडून.

डॉक्टरांपुढे पैशाचं बोललं तर ते कमी दर्जाचा उपचार देतील का?

ही भीती मलाही होती. पहिलं वर्ष मी गप्प राहिले आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप होतो. डॉक्टरांना आपलं रक्त, हाडं, यकृत सगळं दिसतं, पण घर दिसत नाही. ते आपणच सांगायचं असतं. "महिन्याला औषधाला इतके रुपये निघतात, त्याच्यावर गेलं तर मुलांच्या फीला हात लागतो," असं आकड्यासकट सांगा. मी सांगितलं तेव्हा समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि वीस मिनिटं माझ्याशी बोलल्या.

त्या वीस मिनिटांत काय काय निघालं ते सांगते. अंडाशयांचं काम थांबवायला मला दर महिन्याला इंजेक्शन होतं. त्याऐवजी एकदाच ऑपरेशन करून अंडाशयं काढता येतात, आणि ते योजनेत बसलं. हाडांचं झोलेड्रोनिक अॅसिडचं इंजेक्शन मी दर महिन्याला घेत होते. बऱ्याच रुग्णांना ते तीन महिन्यांनी दिलं तरी चालतं, असं अभ्यासांत दिसलेलं आहे. माझंही तीन महिन्यांवर गेलं, म्हणजे वर्षाच्या बारा फेऱ्यांच्या चार झाल्या. पॅल्बोसिक्लिब या कॅन्सरची वाढ रोखणाऱ्या गोळीचं पेटंट २०२३ च्या जानेवारीत संपलं आणि भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्यावर किंमत कित्येक पटींनी उतरली. त्याआधी ती माझ्या आवाक्यात नव्हती, म्हणून वर्षभर मी साध्या लेट्रोझोलवर, म्हणजे नुसत्या हार्मोनच्या गोळीवर होते. आता दोन्ही घेते.

दुसऱ्या कॅन्सरांतही असं आहे. आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाच्या कॅन्सरचे वडील घरोघर दिसतात. अशा पसरलेल्या डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी टाटातल्या डॉक्टरांनी कमी खर्चाच्या गोळ्यांची केमो अभ्यासून दाखवली आहे. २०२२ मध्ये त्यांनीच निव्होलुमॅब हे महागडं औषध नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाहून कमी, फक्त २० मिलिग्रॅम, त्या गोळ्यांसोबत दिलं आणि नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा ते रुग्ण जास्त जगले. तुम्हाला ते लागू पडेल की नाही हे डॉक्टर ठरवतील. विचारायचं काम आपलं.

औषधाच्या दुकानातही विचारा. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या छापील किमतींत मोठा फरक असतो. २०१९ मध्ये केंद्राने कॅन्सरच्या ४२ औषधांवरचा व्यापारी नफा तीस टक्क्यांवर बांधला, तेव्हा काहींच्या किमती धाडकन खाली आल्या होत्या. रुग्णालयांतली सवलतीची अमृत दुकानं आणि जनऔषधी केंद्रं इथे भाव विचारल्याशिवाय महिन्याची गोळी घेऊ नका. फक्त डॉक्टरांना न विचारता औषध बदलू नका, आणि पैसे वाचवायला एक दिवसाआड गोळी तर अजिबात नको. मी ते सहा आठवडे केलं होतं, घरात कुणाला न सांगता.

कामावर जाता येत नाही. पगाराचं काय?

कारखान्यात किंवा दुकानात पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो का बघा. आजारपणाचा नेहमीचा भत्ता ९१ दिवस, वेतनाच्या ७० टक्के. पण कॅन्सरसारख्या दीर्घ आजारांत, किमान दोन वर्षं विमाधारक असलेल्याला, वाढीव भत्ता दोन वर्षांपर्यंत ८० टक्के दराने मिळू शकतो. एमआयडीसीतली बरीच माणसं पहिल्या ९१ दिवसांनंतर अर्जच करत नाहीत. विमाधारकाच्या बायको-मुलांचे उपचारही ईएसआयमधून होतात, हेही लक्षात असू द्या.

राजीनामा घाईने देऊ नका. बिनपगारी रजा पडली तरी नोकरीत असण्याला किंमत आहे. पीएफ खातेदाराचा नोकरीत असताना मृत्यू झाला तर वारसांना ठेवसंलग्न विम्याचे सात लाखांपर्यंत मिळतात. हे लिहिताना हात जड होतो, पण घरात लहान मुलं असताना हा हिशेब बघावाच लागतो. पीएफमधून स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा मुलांच्या आजारासाठी आगाऊ रक्कमही काढता येते.

मला यातलं काहीच नव्हतं. शाळेने दोन महिने पगार दिला, मग दुसरी बाई नेमली. आता घरी चौथी ते सातवीच्या शिकवण्या घेते. केमोच्या आठवड्यात मुलगी घेते.

दर महिन्याला हातात काही पडेल अशी एखादी योजना आहे का?

दोन आहेत, आणि दुसरी मुलांसाठी आहे म्हणून मुद्दाम वाचा.

पहिली संजय गांधी निराधार अनुदान योजना. कर्करोगासारख्या दुर्धर आजाराने ज्याला पोट भरता येत नाही, त्याला दरमहा १,५०० रुपये. अर्ज तहसील कार्यालयात. उत्पन्नाची मर्यादा कुटुंबाला वर्षाला २१ हजार आहे. एवढ्यात घर कसं चालतं ते मर्यादा ठरवणाऱ्यांनी एकदा चालवून बघावं. तरीही शेतमजूर आणि एकट्या बायका यात बसतात, त्यांनी सोडू नये.

दुसरी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. ती फक्त अनाथ मुलांची आहे असं लोक समजतात. पण एक पालक असलेल्या आणि दुर्धर आजाराने ग्रस्त पालकांच्या मुलांनाही तिचा लाभ आहे. अठरा वर्षांपर्यंत, एका मुलामागे दरमहा २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे करायचा, मग बाल कल्याण समिती मुलांना बघते, घराची चौकशी होते आणि आदेश निघतो. शाळेचा बोनाफाईड, मुलाचं आधार आणि बँक खातं, पालकाच्या आजाराचा वैद्यकीय दाखला लागतो. आम्हाला मंजुरीला सात महिने लागले आणि पैसे दरमहा न येता मध्येच एकदम येतात. पण आले की मुलाच्या शाळेचं वर्ष निघतं. गावातल्या अंगणवाडी ताईंना बहुधा हा रस्ता माहीत असतो.

विमा होता. आता त्याचं काय करायचं?

पॉलिसीचे कागद एखाद्या जाणत्या माणसाकडून ओळीओळीने वाचून घ्या. आरोग्यविमा चालू असेल तर तो काहीही करून खंडित होऊ देऊ नका, निदान झाल्यावर नवा मिळणं जवळजवळ अशक्य असतं. गंभीर आजाराची पॉलिसी असेल तर ती खर्चाच्या पावत्यांवर नाही, निदानावर ठरलेली रक्कम एकदम देते. बहुतेकांत निदानानंतर रुग्ण तीस दिवस जगल्याची अट असते. आयुर्विम्याला हप्तामाफीचा किंवा मरणासन्न आजाराचा लाभ जोडलेला आहे का तेही बघा. गृहकर्ज घेताना बँकेने गळ्यात मारलेला विमा लोक विसरून जातात. तो कागद शोधा.

सोनं मोडावं, जमीन विकावी की कर्ज काढावं?

ज्याच्या त्याच्या घरावर आहे, तरी मला काय वाटतं ते सांगते. आधी योजना आणि सवलती संपवा, मग विमा, मग सोनं. सोनं मोडण्यापेक्षा बँकेत तारण ठेवलं तर परत येण्याची आशा राहते, पण व्याज भरायचं बळ नसेल तर ती आशा महागात पडते, सरळ मोडलेलं बरं. कमावतं साधन शेवटपर्यंत विकू नका. दुकान, शिलाई मशीन, दुभती म्हैस, विहिरीचा तुकडा. आमच्या ओळखीच्या एका घरात वडिलांच्या उपचाराला टेम्पो विकला. वडील तीन वर्षं जगले आणि ती तिन्ही वर्षं घरात कमाई नव्हती.

सावकाराकडे जाऊ नका. जावंच लागलं तर त्याच्याकडे परवाना आहे का बघा. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे आणि बेकायदा सावकारीची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे होते. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही देऊ नका, कितीही निकड असली तरी. हात उसने घेतले तर वहीत लिहा, घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची सही घ्या. नात्यात लिहायचं कसं, असं वाटतं. न लिहिल्यामुळेच नाती तुटलेली मी बघितली आहेत.

मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे उपचाराला वापरायचे का?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात, बहुतेकदा जिन्यात, हळू आवाजात.

आमच्याकडे मुलीच्या नावाने केलेल्या ठेवीचे दोन लाख चाळीस हजार होते. दुसऱ्या वर्षी मिस्टर ती मोडायला निघाले. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "तू राहिलीस तर पैसे परत उभे करू." मी म्हटलं, "आणि नाही राहिले तर?" त्या रात्री आम्ही भांडलो, रडलो आणि पहाटे एका कागदावर आकडे मांडले. जो उपचार आजाराला खरोखर आवर घालतो, जगण्याची वर्षं वाढवतो, त्याच्यासाठी घरातलं काहीही मोडायचं. मी जगणं हेच मुलांचं सगळ्यात मोठं भांडवल आहे. पण जिथे डॉक्टर स्वतः म्हणतील की फरक थोडा आहे, काही आठवड्यांचा आहे, तिथे मुलांच्या ठेवीला हात लावायचा नाही. हे मी ठरवलं, माझ्या तोंडाने, शुद्धीत असताना. कारण ती वेळ आली की मिस्टरांना "नको" म्हणता येणार नाही. बायकोचा उपचार पैशामुळे थांबवला, हे ओझं त्यांना आयुष्यभर वाहावं लागेल. आपला निर्णय आपण आधीच सांगून ठेवला तर ते ओझं थोडं हलकं होतं.

तुमचा आकडा वेगळा असेल, तुमचं उत्तरही वेगळं असेल. पण ते नवरा-बायकोनी बसून काढा. भावाने, दिराने किंवा मेहुण्याने काढलेलं उत्तर घराला लागू पडत नाही.

शिक्षणासाठी पुढे काय आहे तेही बघून ठेवा. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. मुलीने नर्सिंग की इंजिनिअरिंग, या विचारात यामुळे पैशाची धास्ती थोडी कमी झाली. शाळेच्या मुख्याध्यापकांनाही घरची परिस्थिती कळवा. फी हप्त्याने भरू द्या म्हटल्यावर आम्हाला कुणी नाही म्हटलं नाही.

मुलांना पैशाचं किती सांगायचं?

त्यांना कळतंच. माझा मुलगा सात वर्षांचा असताना त्याने सहलीची चिठ्ठी दप्तरात लपवून ठेवली होती. तारीख उलटून गेल्यावर मला सापडली. "पैसे लागले असते ना," म्हणाला. त्या दिवसापासून आम्ही सांगायला लागलो. लहानाला एवढंच की औषधाला पैसे लागतात, म्हणून या वर्षी नवी सायकल नाही, पण शाळा आणि सहल चालू राहणार आहे. काय जाणार हे सांगताना काय राहणार तेही सांगायचं. आणि आजार त्याच्यामुळे झालेला नाही, पैसे त्याच्यामुळे कमी पडत नाहीत, हे पुन्हा पुन्हा. मोठ्या मुलीला खरे आकडे दाखवले. घरखर्चाची वही आता तीच लिहिते. मात्र कर्ज फेडायची काळजी तिच्या अंगावर टाकायची नाही, हे आम्ही दोघांनी ठरवलं आहे.

घरचे म्हणतात, डोळ्यांदेखत मुलीचं लग्न उरकून टाक.

नको. मी हे हात जोडून सांगते. मुलगी सोळाची असो की एकोणीसची. अठराच्या आत तर गुन्हाच आहे. पण अठरानंतरही आईबापाच्या आजाराच्या घाईत लावलेल्या लग्नात मुलीचं शिक्षण जातं, लग्नाचं कर्ज होतं आणि आजारी माणसाची जबाबदारी मुलाकडे किंवा धाकट्या बहिणीकडे सरकते. अक्षता टाकायची हौस मलाही आहे. त्याच पैशात तिची पदवी होते.

लोकांकडे मदत मागायची लाज वाटते.

वाटते, आणि तरी मागावी लागते. आपल्या मराठी घरांत वर्गणी गणपतीला बिनदिक्कत मागतात, आजाराला मागताना जीभ अडखळते. आकडा ठरवून मागा. "काहीतरी मदत करा" यापेक्षा "पुढच्या चार केमोंच्या प्रवासाला बारा हजार लागतात" असं म्हटलं की माणूस देतो. माझ्या डीएडच्या वर्गमैत्रिणींनी व्हॉट्सअॅपवर भिशीसारखं केलं, दर महिन्याला एकीचे पैसे मला. इंटरनेटवर निधी गोळा करणार असाल तर ती कंपनी किती टक्के कापते ते आधी विचारा. आणि मुलांचे रडके फोटो टाकू नका. जास्त पैसे येतील कदाचित, पण तो फोटो त्यांच्या वर्गात पोचतो.

संस्थांकडेही अर्ज करा. सिद्धिविनायक न्यास, इंडियन कॅन्सर सोसायटी, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन. खासदारांच्या पत्रासह पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीकडे अर्ज जातो. एका ठिकाणाहून सगळं मिळत नाही, तुकड्या-तुकड्यांनी जमतं. डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक सगळीकडे लागतं, म्हणून त्याच्या मूळ प्रती दोन-तीन करून घ्या.

जडीबुटीवाल्याकडे एकदा जाऊन यावं का?

आमच्या सासूबाईंच्या आग्रहाखातर आम्ही गेलो. अकरा हजार गेले आणि काढ्याने उलट्या होऊन केमो दहा दिवस पुढे गेली. आग्रह करणाऱ्याचं प्रेम खरं असतं. त्यांना म्हणा, तेच पैसे फळांना आणि अंड्यांना द्या.

इन्कम टॅक्समध्ये काही सूट?

जुनी करप्रणाली निवडली असेल तर कॅन्सरच्या उपचारखर्चावर ४० हजारांपर्यंत वजावट आहे, रुग्ण साठीच्या पुढचा असेल तर एक लाख. ८०डीडीबी म्हणून ती ओळखली जाते. तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा.

आम्ही गोव्यात असतो.

तिथे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. किमान पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) समाजसेवकांना भेटा.

नॉमिनी, मृत्युपत्र, हे आत्ताच करायचं म्हणजे अभद्र नाही का?

मी ते संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी केलं, मुद्दाम चांगला दिवस बघून. प्रत्येक खात्याला, पॉलिसीला, पीएफला नॉमिनी कोण आहे ते बघा. लग्नाआधीची खाती असतील तर तिथे अजून आई-वडिलांचीच नावं असतात. नॉमिनीला पैसे मिळतात म्हणजे तो मालक होतो असं नाही, वारसांचा हक्क राहतोच, म्हणून मृत्युपत्र हवं. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. साध्या कागदावर, आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. साक्षीदार असे घ्या की ज्यांना त्यात काही मिळणार नाही. नोंदणी केली तर पुढची कटकट टळते. मुलं लहान असतील तर त्यांच्याकडे कोण बघेल तेही लिहा, आणि त्या माणसाला आधी विचारून.

उपचार थांबवायची वेळ आली तर पुढचा खर्च कसा झेपणार?

तो खर्च झेपण्यासारखा असतो, हे मला फार उशिरा कळलं. घरं कर्जात बुडतात ती बरेचदा शेवटच्या दोन-तीन महिन्यांत. आयसीयू, आणखी एक केमो, आणखी एक स्कॅन. "आम्ही प्रयत्न सोडले नाहीत" हे स्वतःला सांगता यावं म्हणून. वेदना कमी करणारी, श्वास, झोप, जेवण सांभाळणारी वेगळी वैद्यकशाखा आहे, तिला परिहार सेवा किंवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. ती शेवटचीच नव्हे, उपचारासोबतही घेता येते. मी दोन वर्षं घेते आहे. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून, पुण्याला वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून हे काम मोफत करतं. मॉर्फिनच्या गोळ्या स्वस्त असतात, फक्त त्या देण्याची परवानगी असलेल्या जागीच मिळतात, म्हणून आपल्या जिल्ह्यात कुठे मिळतात हे आधी शोधून ठेवा.

मी मिस्टरांना सांगून ठेवलं आहे की वारज्याचा नंबर वहीच्या शेवटच्या पानावर आहे. मुलीलाही ते पान माहीत आहे, हिशेब तीच लिहिते ना. त्याच्या आधीच्या पानावर या महिन्याचा खर्च आहे : गोळ्या, दोन एसटी फेऱ्या, मुलाचे बूट, आणि मुलीच्या सीईटीच्या अर्जाची फी.